तब्येतीच्या गप्पा : कंबर धरली, आता काय?

फराळाचं ताट शेजारी असेल तर आधी ते संपवा. आणि गेला अर्धा तास एकाच खुर्चीत बसलेले असाल, तर एकदा उठून खिडकीपर्यंत जाऊन या. का, ते पुढे कळेलच.

दरवर्षी या सदरात आपण तब्येतीचा एखादा प्रश्न घेतो आणि इथल्या व्यवस्थेत त्याचं काय करायचं ते बघतो. या वर्षीचा विषय माझ्या कंबरेने सुचवला. मी डॉक्टर नाही. झुइडासमधल्या एका कचेरीत जोखीम मोजण्याचा पगार घेतो. तेव्हा पुढे जे सांगतो आहे ते एका पेशंटचं ऐकलेलं, वाचलेलं आणि सोसलेलं आहे, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली शनिवारची सकाळ. आठवडाभर चौदाव्या मजल्यावर खुर्चीला चिकटलेला मी, शहराच्या कडेच्या एका नऊ होलांच्या कोर्सवर आमच्या चौकडीबरोबर पोचलो. आम्ही सगळे एकेकाळचे क्रिकेटवाले. गुडघ्यांनी क्रिकेट सोडायला लावलं आणि ऑफिसच्या सहलींनी गोल्फची चटक लावली. त्या दिवशी उशीर झाला होता, म्हणून हातपाय मोकळे न करताच पहिल्या टीवर उभा राहिलो. मागे दोन डच आजोबा वाट बघत होते. त्यांना दाखवायचं म्हणून ड्रायव्हर जरा जास्तच जोरात फिरवला. चेंडू झाडीत गेला आणि कंबरेत चमक भरली. तरी हट्टाने आठ होल खेळलो. नवव्या होलातून चेंडू काढायला वाकलो तो वाकलेलाच राहिलो.

त्या आजोबांपैकी एकाने चेंडू काढून माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "खाट हेट?" म्हणजे, ठीक आहे ना? मला त्यातली फक्त खाट ऐकू आली.

सल्ल्यांचा पाऊस

पहिले दहा दिवस नुसती उसण होती. मग दुखणं कंबर सोडून डाव्या मांडीतून पोटरीत आणि पावलाच्या बाहेरच्या कडेपर्यंत उतरलं. 25 नंबरच्या ट्राममध्ये उभं राहिलं तर बरं वाटे, बसलं की पायात वीज चमके. मीटिंगमध्ये मी खिडकीशी उभा राहून बोलू लागलो, तेव्हा साहेबांना वाटलं मी नेतृत्वाचा कोर्स केला आहे.

आपल्याकडे पाठ दुखली की एकटं वाटत नाही, कारण सगळा गोतावळा मदतीला येतो. आईने निर्गुडीचं तेल आणि शेक सांगितला. साताऱ्याच्या आत्याने पायाळू माणूस शोधून त्याच्याकडून कंबरेला पाय लावून घे म्हणून सांगितलं. अ‍ॅमस्टेलव्हेनमध्ये पायाळू कुठून आणू, हे मात्र सांगितलं नाही. कुणी कडक गादी सांगितली, कुणी कंबरपट्टा. चौकडीतल्या एकाने निदान केलं की माझा स्विंगच चुकीचा आहे. पुण्याच्या मामेभावाने, जो हाडांचा डॉक्टर आहे, फोनवरच विचारलं, "एमआरआय काढला का?" आणि आमच्या हाउसआर्ट्सने तपासून सांगितलं की हालचाल चालू ठेवा, गरज वाटली तर पॅरासिटामॉल घ्या आणि दोन आठवड्यांनी फोन करा.

हाउसआर्ट्स आणि पॅरासिटामॉल यांच्यावरचे आपले विनोद सगळ्यांना पाठ आहेत. मीही त्या दिवशी दाराबाहेर येऊन बायकोला तेच म्हणालो, "पाय तुटला असता तरी पॅरासिटामॉलच दिली असती." रात्री पुण्याची तिकिटं बघितली. जुलैतली महाग होती, म्हणून थांबलो. पुढे कळलं की त्या पहिल्या भेटीत हाउसआर्ट्सने जे केलं होतं त्याला कारण होतं. ते मला कुणी समजावलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आधी दुखणं कोणतं ते ठरवा

उपाय निवडण्याआधी दुखण्याची जात ओळखावी लागते. कंबरदुखीचे ढोबळ तीन गट पडतात.

पहिला, सगळ्यात मोठा गट म्हणजे नुसती कंबरदुखी. स्नायू, सांधे, अस्थिबंध यांपैकी नेमकं काय दुखतं ते बहुतेक वेळा सांगता येत नाही आणि उपचारासाठी ते सांगता येण्याची गरजही नसते. यातली बरीचशी दुखणी काही आठवड्यांत निवळतात.

दुसरा गट नसेचा, म्हणजे सायटिकाचा. यात कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, कळ गुडघ्याच्या खाली उतरते, मुंग्या येतात, एखादा भाग बधिर होतो. आपण म्हणतो "गादी सरकली". खरं तर दोन मणक्यांमधली गादी सरकत नाही. तिच्या बाहेरच्या कड्याला फुगवटा येतो किंवा ते फाटतं, आतला मऊ भाग बाहेर येतो आणि शेजारच्या नसेला दाबतो, चिडवतो. बाहेर आलेला हा भाग शरीर अनेकदा स्वतःच काही महिन्यांत शोषून घेतं. हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं.

तिसरा गट लहान, पण थांबायची सोय नसलेला. लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकते ती जागा बधिर झाली, किंवा पायातली ताकद उतरत चालली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन करायचा. दिवसा हाउसआर्ट्सला, रात्री किंवा सुटीच्या दिवशी हाउसआर्ट्सनपोस्टला. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, किंवा मोठी पडझड असेल तरीही लगेच दाखवायचं. अशा वेळी "सकाळी बघू" म्हणायचं नाही.

माझ्या हाउसआर्ट्सने पहिल्या भेटीत मला टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, पाय सरळ उचलून बघितला, लघवीबद्दल विचारलं. मी तिसऱ्या गटात नाही ना, हे बघणं चाललं होतं. मला वाटलं, हे काय उगीच चालवताहेत.

पहिले सहा आठवडे

पहिल्या दोन्ही गटांत सुरुवात सारखीच असते. अंथरुणाला खिळून राहायचं नाही, जमेल तेवढं चालायचं, कामं करायची. पॅरासिटामॉलने भागलं नाही तर आयबुप्रोफेनसारखी औषधं असतात, पण बीपी, मधुमेह, मूत्रपिंड किंवा पोटाच्या व्रणाचा त्रास असेल तर ती विचारल्याशिवाय घेऊ नका. आपल्या घराघरात यातलं काहीतरी असतंच. अफूवर्गीय कडक गोळ्यांची मात्र घाई नको. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नव्या कंबर-मानदुखीवर अशी गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही.

फिजिओथेरपिस्टकडे जायला इथे 2006 पासून हाउसआर्ट्सची चिठ्ठी लागत नाही. माझी फिजिओ विशीतली डच मुलगी. तिने माझी पाठ बघायच्या आधी विचारलं, "तुला परत काय करता यायला हवंय?" मी म्हणालो, "गोल्फ." तिने मला पालथं झोपवून गुडघा वाकवला आणि डावा खुबा आतबाहेर फिरवून बघितला. खुबा जेमतेम हलला.

मग तिने समजावलं ते असं. उजव्या हाताने खेळणारा माणूस चेंडू मारतो तेव्हा सगळं अंग डाव्या खुब्यावर फिरतं. दिवसाचे नऊ तास खुर्चीत काढणाऱ्याचा खुबा आखडलेला असतो. तो फिरत नाही, मग ते फिरणं कंबरेच्या मणक्यांना करावं लागतं, आणि त्यांची रचना तेवढ्या पिळासाठी नाही. स्विंगच्या वेळी कंबरेच्या खालच्या मणक्यांवर शरीराच्या वजनाच्या आठपटीपर्यंत दाब येतो असं मोजमाप आहे. दाब म्हणजे इजा नव्हे, सवयीचं शरीर तो पेलतं. पण आठवडाभर न हलणारं शरीर शनिवारी सकाळी शंभर चेंडू मारायला नेलं, की ते तक्रार करतं. चौकडीतल्या मित्राने स्विंगला दोष दिला होता. फिजिओच्या मते सोमवार ते शुक्रवारकडे आधी बघायला हवं होतं.

मालिश, मॅन्युअल थेरपी, शेक यांनी तात्पुरतं बरं वाटतं आणि त्या जोरावर व्यायाम जमत असेल तर खुशाल घ्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सूचना काढल्या, त्यांत व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मानसिक आधाराचे उपचार यांना जागा आहे. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये असं त्यात म्हटलं आहे. आमच्या कपाटातला पट्टा तेव्हापासून बॅगांच्या खाली गेला.

एमआरआयची ओढ

"इथे एमआरआयच काढत नाहीत" ही आपली सगळ्यात मोठी तक्रार. पुण्यात सकाळी गेलं की संध्याकाळी फिल्म हातात मिळते. मीही त्याच मताचा होतो.

2015 साली एका आढाव्यात कंबर अजिबात दुखत नसलेल्या माणसांची चित्रं एकत्र करून बघितली गेली. पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे 80 टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि 60 टक्क्यांच्या गाद्यांना फुगवटा होता. पुन्हा सांगतो, ही न दुखणारी माणसं. पन्नाशीत केस पांढरे व्हावेत तशी ही झीज. त्यामुळे नुसत्या कंबरदुखीत एमआरआय काढला तर त्यात काहीतरी निघणारच, आणि ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही. पण एकदा अहवालात "डिजनरेशन" हा शब्द वाचला की माणूस स्वतःला काचेचं भांडं समजायला लागतो आणि चालणंच सोडतो.

एमआरआय कामाचा कधी? तिसऱ्या गटाची शंका असेल तेव्हा, आणि सायटिका आठवडे उलटूनही हटत नाही म्हणून इंजेक्शन किंवा ऑपरेशनचा विचार करायचा असेल तेव्हा. थोडक्यात, चित्र बघून पुढचं पाऊल बदलणार असेल तर. माझ्या बाबतीत आठ आठवड्यांनंतर ती वेळ आली. हाउसआर्ट्सने न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. चित्रात शेवटच्या दोन मणक्यांमधल्या गादीचा भाग डाव्या नसेवर टेकलेला दिसला.

तीन चांगले प्रश्न

न्यूरोलॉजिस्टच्या भेटीला माझी लेक बरोबर आली. माझं डच ऑफिसपुरतं, दुखणं सांगायला ते अपुरं पडतं. लेक इथेच जन्मलेली. तिने मोबाइलवर तीन ओळी लिहून आणल्या होत्या. इथल्या रुग्णसंघटना आणि तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने मिळून पुढे आणलेले हे "द्री खुदे फ्राखन", म्हणजे तीन चांगले प्रश्न:

माझ्यापुढे कोणते पर्याय आहेत?

प्रत्येकाचे फायदे-तोटे काय?

माझ्या परिस्थितीत त्याचा अर्थ काय?

आपण डॉक्टरांना असे प्रश्न विचारत नाही. "तुम्हीच सांगा, डॉक्टर" म्हणून हात जोडतो आणि मग घरी येऊन त्यांच्यावर शंका घेतो. इथे 1 जानेवारी 2020 पासून कायद्यातच सुधारणा झाली आहे. डॉक्टरने पर्याय, अगदी काहीच न करण्याचा पर्यायसुद्धा, पेशंटशी बोलायचा असतो आणि पेशंटच्या परिस्थितीची चौकशी करायची असते. तेव्हा विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

न्यूरोलॉजिस्टने पर्याय मांडले. व्यायाम आणि गोळ्यांवर थांबायचं, इंजेक्शन घ्यायचं, किंवा ऑपरेशन करायचं. इंजेक्शनने काही जणांचं पायाचं दुखणं काही आठवडे हलकं होतं, पुढचं चित्र मात्र त्याने फारसं बदलत नाही. ऑपरेशनबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट केली: गादीचं हे ऑपरेशन पायाच्या दुखण्यासाठी असतं. नुसती कंबर दुखते म्हणून ते करत नाहीत.

मग इथल्याच एका अभ्यासाची गोष्ट निघाली, आणि माझा सगळा विचार तिथे बदलला. लायडन आणि हेगच्या डॉक्टरांनी केलेला हा अभ्यास 2007 साली "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये आला. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेले 283 पेशंट घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन लवकर करायचं ठरलं. दुसऱ्या गटाने थांबायचं आणि नाहीच सोसवलं तर मग ऑपरेशन. थांबलेल्यांपैकी 39 टक्क्यांना पुढे ऑपरेशन करून घ्यावंच लागलं, सरासरी एकोणीस आठवड्यांच्या सुमाराला. बाकीच्यांना लागलं नाही. लवकर ऑपरेशनवाल्या गटातल्या निम्म्या लोकांना चार आठवड्यांत बरं वाटलं. थांबलेल्यांत तेवढं व्हायला बारा आठवडे लागले. आणि वर्षाअखेर? दोन्ही गटांत 95 टक्के बरे.

जरा थांबून या आकड्यांचा अर्थ लावा. कोणता उपाय "चांगला" याचं उत्तर त्यात नाही. वर्षाने दोन्ही वाटा एकाच गावाला पोचतात. ऑपरेशनने आठ आठवडे वाचतात आणि त्यासाठी सुरी, भूल, जंतुसंसर्गाचा थोडा धोका, गादी पुन्हा बाहेर येण्याची शक्यता पत्करावी लागते. थांबल्याने सुरी टळू शकते, पण ते आठ आठवडे सोसावे लागतात आणि दहातल्या चौघांना शेवटी ऑपरेशन चुकत नाही. त्या आठ आठवड्यांची किंमत किती, हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. ते ज्याचं त्याला माहीत.

लेकीने गाडीत विचारलं, "बाबा, तुला नक्की काय हवंय?" मी गोल्फ म्हणालो. ती म्हणाली, "खरं सांग." मग सांगितलं. ऑक्टोबरमध्ये पुण्यात आईचं सहस्रचंद्रदर्शन होतं. थोरला मुलगा म्हणून मला पाटावर मांडी घालून बसायचं होतं, आणि त्याआधी नऊ तास विमानात.

दोन मित्र, दोन निर्णय

आमच्या चौकडीतल्याच एका मित्राला सहा महिने आधी हेच झालं होतं. त्याने ऑपरेशन करून घेतलं. तो स्वतंत्र कंत्राटावर काम करतो, काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत. घरात दोन वर्षांचं मूल, कडेवर घ्यायला हात पुढे करणारं. रात्री झोप नव्हती, कडक गोळ्यांनी डोकं चालत नव्हतं. त्याच्यासाठी आठ आठवडे म्हणजे घराचा हप्ता होता. महिन्याभरात तो पुन्हा लॅपटॉपसमोर बसला. त्याचा निर्णय बरोबर होता.

मी थांबलो. मला पगारी रजा होती, घरून काम करता येत होतं, पायात ताकद होती आणि ऑक्टोबर अजून तीन महिने लांब होता. मी अहवाल मामेभावाला पाठवला. ज्याच्या "लगेच ये" या शब्दांची मी वाट बघत होतो, तोच म्हणाला, "चवड्यावर उभा राहतोस ना? मग इतक्यात थांब. पुण्यात असतास तरी मी हेच सांगितलं असतं." माझी पुणे विरुद्ध अ‍ॅमस्टरडॅम ही लढाई तिथेच संपली.

पण नुसतं थांबलो नाही. न्यूरोलॉजिस्टबरोबर तारीख ठरवली. पहिल्या सप्टेंबरपर्यंत बघायचं. त्याआधी पायातली ताकद कमी झाली, किंवा सहन होईनासं झालं, तर बेत बदलायचा. वाट पाहणं वेगळं आणि वाट लागू देणं वेगळं, आणि दोहोंमध्ये फरक करते ती अशी ठरवलेली तारीख.

ते आठवडे सोपे गेले असं सांगून तुमची दिशाभूल करणार नाही. मी दिवाणखान्यात सतरंजीवर, पोटऱ्या सोफ्यावर ठेवून झोपायचो. एका रात्री तीन वाजता मामेभावाला लिहिलं, "ऑपरेशनचं बघ, मी येतो." सकाळी तो मेसेज पुसला. थांबण्याची किंमत बायकोनेही माझ्याइतकीच मोजली. बाजारहाट, बागेतलं गवत, माझी चिडचिड, सगळं तिच्या अंगावर पडलं. निर्णय घेताना घरच्यांनाही विचारा, हे मी त्यातून शिकलो. मी तिला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

अकराव्या आठवड्यात एकदा ट्राममध्ये बसलो आणि दोन थांब्यांनंतर लक्षात आलं की आपण बसलो आहोत. सोळाव्या आठवड्यात पाय मोकळा झाला. नशीब उलटं पडलं असतं आणि मी त्या दहातल्या चौघांत निघालो असतो, तरी निर्णय चुकला असं म्हणता आलं नसतं. विचार करून घेतलेला निर्णय आणि त्याचा निकाल या दोन गोष्टी वेगळ्या. ऑफिसात हे मी रोज सांगतो, कंबरेच्या बाबतीत कळायला चार महिने लागले.

आणि टायगर वुड्स?

गोल्फवाल्यांत कंबरेचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "टायगरने मणके जोडून घेतले आणि मास्टर्स जिंकली." खरं आहे. एप्रिल 2017 मध्ये ते ऑपरेशन झालं आणि एप्रिल 2019 मध्ये त्याने मास्टर्स जिंकली. पण त्याआधी 2014 आणि 2015 मध्ये त्याची गादीची तीन ऑपरेशनं झाली होती आणि मास्टर्सनंतरही पाठीसाठी पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं. त्याचा धंदाच तो आहे, शरीरावर त्याने लहानपणापासून लाखो स्विंगचा भार घेतलेला. आपण नऊ होल खेळून कॉफी आणि आपलटार्ट खाणारी माणसं. त्याचा उपाय त्याला लखलाभ.

पुन्हा कोर्सवर

परतीचा रस्ता फिजिओने पायऱ्या पाडून दिला. आधी फक्त चालणं. गोल्फच्या अठरा होलांत माणूस आठ-दहा किलोमीटर चालतो आणि ते औषधच आहे. ऑस्ट्रेलियातल्या 2024 च्या एका अभ्यासात कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या 701 माणसांना घेतलं. हळूहळू चालणं वाढवत नेण्याचा कार्यक्रम ज्यांना दिला, त्यांचं दुखणं परत यायला मध्यमान 208 दिवस लागले, बाकीच्यांचं 112 दिवसांत परतलं. चालायला पैसे पडत नाहीत आणि अ‍ॅमस्टरडॅमसे बोस आपल्या दारात आहे.

मग दोन आठवडे फक्त पटिंग. नंतर छोटे चिप, मग अर्धा स्विंग आखूड लोखंडी काठ्यांनी, एका वेळी तीस चेंडू, दुसऱ्या दिवशी कंबर काय म्हणते ते बघून पुढे. ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. खेळाआधी दहा मिनिटं खुबे आणि पाठ मोकळी करायची, उशीर झाला असेल तर पहिलं होल सोडायचं पण ही दहा मिनिटं नाही. डाव्या पावलाचा चवडा थोडा बाहेर वळवून उभं राहिलं की आखडलेल्या खुब्याला फिरायला जागा मिळते. पुण्याच्या कोर्सवर कॅडी असतो, इथे आपली बॅग आपणच न्यायची, तर ट्रॉली मागून ओढण्यापेक्षा पुढे ढकलावी. चेंडू उचलताना काठीवर हात टेकून एक पाय मागे उचलावा. मागचे आजोबा हसले तर हसू द्या. तेही असंच उचलतात, मी नंतर बघितलं.

आणि ऑफिसात दर अर्ध्या तासाने उठायचं. माझ्या खिडकीतून दे बूलेलानवरचं मोठं हॉस्पिटल दिसतं. तेवढ्यासाठी तरी खिडकीपर्यंत जातो.

विम्याचं तेवढं बघा

प्रौढांच्या साध्या कंबरदुखीसाठी फिजिओचा खर्च इथल्या मूळ विम्यात येत नाही. त्यासाठी आनव्ह्युलेंड, म्हणजे जोडविमा लागतो, आणि त्यात वर्षाला किती वेळा ते ठरलेलं असतं. नसेल तर एका वेळचे चाळीस-पन्नास युरो खिशातून. हाउसआर्ट्सकडे जाण्याचे पैसे पडत नाहीत, पण हॉस्पिटलमधली भेट आणि एमआरआय तुमच्या आयखन रिझिकोतून, म्हणजे सध्याच्या 385 युरोंतून, वळते होतात. दिवाळीच्या आसपास, 12 नोव्हेंबरपर्यंत, विमा कंपन्या पुढच्या वर्षीचे हप्ते जाहीर करतात. 31 डिसेंबरपर्यंत जुना विमा रद्द करता येतो आणि 31 जानेवारीपर्यंत नवा घेता येतो. मूळ विमा कुणालाही नाकारता येत नाही, जोडविमा मात्र कंपनी नाकारू शकते. म्हणून कंबर धरायच्या आधी बघा.

दुसऱ्या पिढीच्या वाचकांना एक विनंती. आईबाबा डॉक्टरकडे जाताना एकदा तरी बरोबर जा. भाषांतरासाठी जा, पण तेवढ्यासाठीच नको. "तुला नक्की काय हवंय" हे त्यांना विचारणारं कुणीतरी लागतं. आपल्या पिढीला तो प्रश्न कुणी विचारलेला नसतो, त्यामुळे उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो.

ऑक्टोबरमध्ये पुण्यात मी पाटावर बसलो. पूर्ण पूजाभर नाही, मध्ये दोनदा उठलो. गुरुजींनी भुवया उंचावल्या. आई म्हणाली, "उठू दे त्याला, डॉक्टरांनी सांगितलंय." आता दर शनिवारी आम्ही चौघं पुन्हा खेळतो. ऑपरेशनवाला मित्र आणि मी, दोघांचेही चेंडू अजून झाडीतच जातात.

खिडकीपर्यंत जाऊन आलात ना? नसाल, तर आता जा. शुभ दीपावली!